हात न लावता हॅलो!

आई कणीक मळते आहे. दोन्ही हात पिठाने माखलेले. आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो! मग काय होतं? 'अरे, बघ रे कुणाचा आहे तो,' अशी स्वयंपाकघरातून हाक येते. तुम्ही अभ्यास अर्धवट सोडून (खरं सांगा, आनंदानेच ना?) पळत जाता आणि फोन आईच्या कानाला लावून उभे राहता. पाच मिनिटं... दहा मिनिटं... मावशीचा फोन असेल तर विचारूच नका. तुमचा हात दुखायला लागतो, पण मावशीचं बोलणं काही संपत नाही.

आता समजा, आईच्या कानात शेंगदाण्याएवढं एक यंत्र आहे. फोन वाजला की ती एक बटण मनगटाने दाबते आणि बोलू लागते. किंवा नुसतं म्हणते, 'मावशीला फोन लाव,' आणि फोन लागतो. कणीक चालू, गप्पाही चालू. हेच ते आवाजावर चालणारं, बिनतारी हेडसेट. आपल्याकडे बरेच लोक त्याला सरळ 'ब्लूटूथ'च म्हणतात. 'कानात ब्लूटूथ घातलाय' असं म्हणतात ना, तेच हे. खरं तर ब्लूटूथ हे यंत्राचं नाव नाही, ते यंत्र फोनशी ज्या भाषेत बोलतं त्या भाषेचं नाव आहे. पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव बदलायला आपण कोण?

हे यंत्र नुसती चैन नाही बरं का. शिलाई मशीनवर दिवसभर बसणारी ताई, शिडीवर चढून वायरिंग करणारा दादा, किराणा दुकानात वजन करता करता ऑर्डर लिहून घेणारे काका, या सगळ्यांचे हात कामात असतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही किंवा ज्यांच्या हातांत बळ नाही, त्यांना तर नुसत्या बोलण्याने फोन लावता येणं म्हणजे केवढी सोय! म्हणून ते नीट कसं जोडायचं आणि कुठे वापरायचं, कुठे मुळीच नाही, हे आज पाहू. घरातल्या मोठ्या माणसांना ते जोडून देण्याचं काम बहुतेक घरांत तुमच्याकडेच येतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

निळ्या दाताचा राजा

आधी नावाची गंमत. ब्लूटूथ म्हणजे निळा दात! दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचं टोपणनाव होतं ब्लूटूथ. त्याचा एक दात किडून निळसर-काळा पडला होता म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. या राजाने आपापसांत विखुरलेले प्रदेश एका राज्यात आणले. पुढे हजार वर्षांनी संगणक, फोन आणि हेडसेट यांना बिनतारी पद्धतीने एकत्र आणायचं ठरलं, तेव्हा १९९७ साली इंटेल कंपनीच्या जिम कार्डाक या इंजिनिअरने तात्पुरतं म्हणून या राजाचं नाव सुचवलं. 'तात्पुरतं' नाव कायमचंच झालं. फोनवर जे निळं चिन्ह दिसतं ना, ती त्या राजाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. मात्र ती आहेत रून नावाच्या जुन्या लिपीत, आणि एकमेकांत गुंतवलेली.

फोन आणि हेडसेट यांच्यात तार नसते, रेडिओ लहरी असतात. पण त्याच लहरी शेजारच्या घरातला वायफाय वापरतो, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच पट्ट्यात चालतो. मग गोंधळ कसा होत नाही? तर ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. आपण लंगडी खेळताना घरं बदलतो, तसा तो ७९ घरांमधून उड्या मारत राहतो. सेकंदाला किती उड्या? १६००! फोन आणि हेडसेट दोघांनाही पुढची उडी कुठे हे ठाऊक असतं, तिसऱ्याला नसतं. अशा उड्यांच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ साली अमेरिकेत हेडी लामार आणि जॉर्ज अँथेल या दोघांना मिळालं होतं. हेडी लामार ही चक्क सिनेमातली नटी होती आणि अँथेल हा संगीतकार! शत्रूला पाणतीराचा (टॉर्पेडोचा) संदेश बिघडवता येऊ नये म्हणून त्यांनी ती शोधली होती. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदी गुंडाळी असते, तिचा उपयोग त्यांनी त्यात सुचवला होता.

जोडी जमवताना

नवं हेडसेट आणलं की पहिलं काम चार्जिंगचं. घाई करू नका. दिवा लाल असेल तो बदलेपर्यंत किंवा विझेपर्यंत थांबा (कोणता रंग म्हणजे काय, ते सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद खोक्यासोबत फेकून देण्याची आपल्याकडे मोठी वाईट खोड आहे).

मग येते 'जोडी जमवणे' ही पायरी. हेडसेटचं मुख्य बटण दाबून धरा. नुसतं दाबून सोडलं तर ते फक्त चालू होतं. पाच-सात सेकंद धरून ठेवलं की बऱ्याच हेडसेटचा दिवा लाल-निळा, लाल-निळा असा लुकलुकू लागतो. याचा अर्थ, 'मी मोकळा आहे, माझ्याशी कोण दोस्ती करणार?' आता फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ सुरू करा आणि नवं उपकरण जोडायचा पर्याय निवडा. यादीत हेडसेटचं नाव दिसेल, त्यावर बोट ठेवा. जुन्या प्रकारच्या हेडसेटने अंक मागितले तर बहुतेक वेळा चार शून्य द्यायची असतात. फोन विचारेल, 'याला संपर्कांची यादी वाचू देऊ का?' नावाने फोन लावायचा असेल तर हो म्हणा. एकदा जोडी जमली की पुढच्या वेळी दोघं आपोआप एकमेकांना ओळखतात.

सगळं करूनही नाव दिसतच नाही? बऱ्याच वेळा कारण एकच असतं. ते हेडसेट आधीच दुसऱ्या कुणाला तरी चिकटलेलं असतं! बाबांच्या फोनला जोडलेलं हेडसेट आई वापरायला घेते, आणि बाबा शेजारच्या खोलीतच असतात. मग आईच्या कानात बाबांच्या ऑफिसचा फोन वाजतो. अशा वेळी बाबांच्या फोनचं ब्लूटूथ क्षणभर बंद करायचं. हेडसेट कुणाला द्यायचं किंवा विकायचं असेल, तर आपल्या फोनच्या यादीतून ते पुसून टाका. आणि बसमध्ये, बाजारात बसलेले असताना अनोळखी नावाने 'जोडू का?' असं फोनवर आलं, तर सरळ नाही म्हणा.

आता कानात बसवणं. डबीत रबराच्या लहान-मोठ्या टोप्या असतात. सैल टोपी असेल तर आवाज बारीक येतो, मग माणूस आवाज वाढवतो. घट्ट असेल तर कान दुखतो. तिन्ही घालून बघा. माइकचं तोंड गालाच्या दिशेने, ओठांकडे असावं. बऱ्याच हेडसेटमध्ये दोन माइक असतात. एक तुमचं बोलणं ऐकतो, दुसरा मुख्यतः बाहेरचा गोंगाट. आतलं यंत्र पहिल्यातून दुसरा वजा करतं. वजाबाकीचा असाही उपयोग!

त्याला बोलणं कळतं कसं?

माणसाचा आवाज ओळखणारं खेळणं १९२० च्या दशकातच निघालं होतं. रेडिओ रेक्स नावाचा तो छोटा कुत्रा. 'रेक्स' अशी हाक मारली की तो घरातून टुणकन बाहेर यायचा. पण त्याला शब्द कळत नव्हता. 'रेक्स'मधल्या 'ए' या स्वराच्या कंपनाने स्प्रिंग सुटायची, एवढंच. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने शून्य ते नऊ हे अंक ओळखणारं 'ऑड्री' हे यंत्र बनवलं.

आजच्या हेडसेटचं म्हणाल, तर ते स्वतः फारसं हुशार नसतं. काहींना 'आन्सर' आणि 'इग्नोर' असे दोन-चार इंग्रजी शब्द कळतात. बाकी ऐकण्याचं काम फोन करतो, आणि पुष्कळदा फोनही ते इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवतो. त्यामुळे नेट नसलं तर हुकूम ऐकला जाईलच असं नाही. गूगलच्या असिस्टंटला २०१८ साली मराठी यायला लागली. तुमच्या फोनच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी आहे का ते पाहा. नसेल तर आजीला 'कॉल' म्हणायला शिकवावं लागेल, पण आज्या शिकतात हो.

हुकूम देताना बटण थोडा वेळ दाबून धरा, 'टुंग' असा आवाज येऊ द्या, आणि मगच बोला. बरेच जण 'टुंग'च्या आधीच बोलून मोकळे होतात, आणि वर म्हणतात, 'याला काही कळतच नाही!' ओरडू नका, शब्द तोडूनही बोलू नका. आणखी एक मुद्दा नावांचा. आपल्या घरांत 'मामा' आणि 'मामी', 'काका' आणि 'काकू' यांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा. गोंगाटात तोच नेमका हरवतो. त्यातून काका तीन असतील तर? म्हणून नावं लांब ठेवा. 'सोलापूरचे मामा', 'पुण्याची आत्या', 'दुकानातले मोठे काका'. घरातल्या आजी-आजोबांची यादी रविवारी बसून अशी नीट करून द्या. आणि संकटात उपयोगी पडणारा ११२ हा क्रमांक त्यांना तोंडपाठ आहे ना, तेही विचारा.

एक गोष्ट मात्र मोठ्याने बोलायची नाही. बँकेतून आलेला ओटीपी, कार्डाचा नंबर. हात मोकळे असले तरी आजूबाजूचे कान बंद नसतात.

रस्त्यावर मात्र...

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे पान आई-बाबांनाही वाचायला द्या.

गाडी चालवताना हेल्मेटमध्ये फोन खुपसून किंवा मान वाकडी करून बोलणारे लोक तुम्ही पाहिले असतील. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोजलं जातं. मग पुष्कळांना वाटतं, आपण हेडसेट घेतलं, हात मोकळे झाले, म्हणजे झालं!

पण गाडी नुसत्या हातांनी चालते का? ती चालते लक्षाने. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं प्रयोग केले. फोन हातात असो वा नसो, बोलण्यात गुंतलेला चालक समोरच्या गोष्टींकडे बघतो, पण त्या त्याच्या ध्यानात येत नाहीत, असं त्यांना आढळलं. २०१५ साली त्याच विद्यापीठाच्या मदतीने अमेरिकेतल्या एका वाहनचालक संघटनेच्या प्रतिष्ठानाने आवाजी हुकुमांचाही अभ्यास केला. आवाजाने फोन लावून झाल्यावर किंवा गाणं बदलून झाल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ण जागेवर यायला काही वेळा तब्बल २७ सेकंद लागत होते.

२७ सेकंद म्हणजे किती? चला, गणित करू. स्कूटर ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. २७ सेकंदांत गाडी ३०० मीटर पुढे गेली! तुमच्या शाळेचं फाटक, त्यापुढचा भाजीवाला, चौक, सिग्नल, सगळं त्या ३०० मीटरमध्ये येऊन गेलं. आणि मागे बसलाय कोण? तुम्ही.

मुलं मला विचारतात, 'मग बाई, मागे बसून आम्ही बोलतो ते?' चांगला प्रश्न आहे. मागे बसलेल्याला रस्ता दिसतो. समोर बस आली की तोही गप्प होतो, किंवा 'बाबा, गाय!' म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. तो बोलतच राहतो, आणि उत्तराची वाट पाहतो.

आणि हा फोनवरचा माणूस बरेचदा कोण असतं, ठाऊक आहे? तुम्हीच! 'आई, येताना पेन्सिल आण,' 'बाबा, कुठपर्यंत आलात?' तेव्हा आजपासून एक करायचं. आई किंवा बाबा परतीच्या रस्त्यावर असतील त्या वेळी फोन करायचा नाही. केलाच, आणि मागून गाड्यांचे आवाज आले, तर पहिला प्रश्न, 'गाडीवर आहात का?' हो म्हणाले की 'थांबल्यावर फोन करा' एवढं सांगून ठेवून द्यायचा. आणि पालकहो, मुलांचा फोन आला तर गाडी बाजूला घेऊन थांबा आणि मग बोला. हेडसेट कानात आहे म्हणून चालत्या गाडीवर बोलू नका.

पायी चालणाऱ्यांचं आणि सायकलवाल्यांचं काय? 'आम्ही एकाच कानात घालतो, दुसरा उघडा असतो,' असं दादा-ताई मंडळी सांगतात. यावर आमच्या चौथीच्या वर्गात एक खेळ चालतो. आंधळी कोशिंबीरच म्हणा ना. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा. बाकीचे गोल उभे राहून एकेक जण टाळी वाजवणार, त्याने टाळीच्या दिशेला बोट दाखवायचं. बहुतेक मुलं बरोबर दाखवतात. मग एक कान बोटाने बंद करायला सांगायचं. झालं! टाळी डावीकडे आणि बोट उजवीकडे, वर्गात नुसता हशा. कारण असं की डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. एक कान बुजला की हा हिशेब बिघडतो. हॉर्न ऐकू येतो, पण ट्रक कुठून येतोय ते कळत नाही. वर्गात हसायला ठीक आहे, रस्त्यावर नाही.

रेल्वे रूळ ओलांडताना तर कानात काहीच नको. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात, रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेच्या गाडीला आगगाडीची धडक बसली आणि १३ मुलं दगावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आलं. तुमच्या शाळेच्या रिक्षावाल्या किंवा व्हॅनवाल्या काकांच्या कानात चालत्या गाडीत काही दिसलं, तर घरी येऊन नक्की सांगा. ही चहाडी नव्हे.

कान आणि आवाज

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक इवलीशी नळी असते. तीत केसांसारखी टोकं असलेल्या साधारण १५ हजार पेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. फार मोठा आवाज फार वेळ ऐकला की त्या मरतात. कापलेलं नख वाढतं, पडलेला दुधाचा दात पुन्हा येतो, पण माणसाच्या या पेशी पुन्हा येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, तीही ७५ डेसिबल आवाजात. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करायचा. ७८ ला २० तास, ८१ ला १० तास. मग ८७ ला किती? करा हिशेब! घरी डेसिबल मोजणार कसे, असं म्हणाल तर सोपी खूण आहे. हेडसेट कानात असताना हातभर अंतरावरचा माणूस साधं बोलला आणि ते तुम्हाला ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे.

कान फुटला असेल, दुखत असेल तर हेडसेट घालू नका. एकमेकांचं घालू नका. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसा. घामाने किंवा पावसाने ओलं झालं असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही, उशीखाली किंवा पांघरुणात तर कधीच नाही. यंत्र फुगलेलं दिसलं तर वापर ताबडतोब बंद. आणि घरात रांगणारं बाळ असेल तर ते उंचावर ठेवा. कारण बाळाला ते शेंगदाण्यासारखंच दिसतं!

'याच्या लहरींनी डोक्याला काही होतं का?' असं पालक हमखास विचारतात. नेहमीच्या हेडसेटची ताकद साधारण अडीच मिलिवॉट असते, ती फोनपेक्षा फारच कमी. फोनसाठी भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे, १ ग्रॅम पेशींमागे किलोला १.६ वॉट. फोनवर *#०७# हे दाबलं तर त्या फोनचा आकडा बहुधा दिसतो. आई-बाबांसमोरच दाबून बघा.

आता सुट्टीत करायचा प्रयोग. मोठ्या माणसाची परवानगी घेऊन फोनवर एखादी गोष्ट लावा आणि फोन घराच्या एका टोकाला ठेवा. कानात हेडसेट घालून पावलं मोजत दूर जा. आवाज कुठे तुटतो? मग फोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून पुन्हा मोजा. मग फोन मागच्या खिशात ठेवा आणि हेडसेट आधी त्याच बाजूच्या कानात, नंतर दुसऱ्या बाजूच्या कानात घाला. आपल्या शरीरात पाणीच फार, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. तेव्हा काय होईल, त्याचा अंदाज आधी वहीत लिहा, आणि मगच प्रयोगाला लागा.